फोटोखालची ओळ

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बकुळा परबांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कॉलेजातून बोलावणं आलं. ते घेऊन आली रुचा, दादरची, दुसऱ्या वर्षाला शिकणारी. त्या वर्षी मुलांना वर्गाबाहेर जाऊन लोकांमध्ये काम करायचा विषय होता. साठ तास भरले की गुण मिळायचे. रुचाच्या गटाच्या वाट्याला ही चाळ आली होती. मुलं काही शनिवार आली, जिने झाडले, घरोघरी प्रश्न विचारून फॉर्म भरले, फोटो काढले. हजेरीच्या कागदावर चाळीतल्या कुणाची तरी सही लागायची. ती बकुळाबाई करायच्या.

"तुमचा सत्कार आहे, आजी," रुचा म्हणाली.

बकुळाबाई ठेवणीतली साडी नेसून गेल्या. हॉलच्या दाराशीच मुलांच्या कामाचे फोटो लावले होते. त्यांत त्या स्वतः दिसल्या. नाकावर चष्मा, हातात पेन, हजेरीच्या कागदावर वाकलेल्या. खाली ठळक अक्षरांत ओळ होती: 'निरक्षर आजींना आमच्या विद्यार्थ्यांनी सही शिकवली.'

त्यांनी ओळ दोनदा वाचली. कानशिलं तापली.

बकुळा कुडाळकडच्या एका गावातून सातवी पास होऊन लग्न करून मुंबईत आली होती. नवरा लवू गिरणीत साच्यावर कापड विणायचा. मोठा संप झाला, पुरुष गावाला गेले, आणि रेशनच्या, शाळेच्या, कोर्टाच्या कागदांवर बायका अंगठे उठवू लागल्या. तेव्हा पंचविशीतली बकुळा रोज दुपारी पॅसेजमध्ये पाटी घेऊन बसायची. दीड वर्षात त्या मजल्यावर अंगठा लावणारी एक बाई उरली नव्हती. हे तिनं कधी चाळीबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलांनी फॉर्म भरून घेतले, पण त्यात तो प्रश्नच नव्हता.

नाव पुकारल्यावर त्या स्टेजवर गेल्या. या विषयाचे अनिश सर शाल घेऊन पुढे आले. बकुळाबाईंनी हात आडवा केला.

"आधी तो बाहेरचा फोटो उतरवा."

सर खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, मुलांकडून चूक झाली असेल. कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बदलू."

"कार्यक्रम झाल्यावर ती ओळ वाचतलो कोण?" त्या माईकजवळ सरकल्या. "माका लिवाक वाचूक येता. तुमच्या मुलांच्या हजेरीवर सही करतानाचा फोटो आहे तो. मी तुमचं काम करत होते. तुम्ही लिहिलंत, तुम्ही माझं केलंत."

मागच्या रांगेतून रुचा उभी राहिली. "ओळ मी लिहिली, सर. आम्ही नुसते जिने झाडले होते. बोर्डावर लावायला काहीतरी मोठं हवं होतं."

बकुळाबाई शाल न घेता खाली उतरल्या, फोटो स्वतः काढला आणि पिशवीत घालून घरी आल्या.

पुढच्या शनिवारी रुचा एकटीच दारात उभी राहिली. माफी मागितली. बकुळाबाईंनी तिला आत घेतलं नाही.

"खरे तास किती भरले?"

"बावीस."

"आणि कागदावर?"

"साठ." रुचानं मान खाली घातली. "तुम्ही न बघता सह्या केल्यात."

"ती माझी चूक. आता उरलेले अडतीस भर. पण काम मी सांगेन."

त्यांनी कपाटातून जाडजूड बाड काढलं. चाळ पाडून टॉवर बांधायचा बिल्डरचा करारनामा, सगळा इंग्रजीत. संमतीच्या सह्यांसाठी त्याचा माणूस रोज चकरा मारत होता. "ह्यो कागद मराठीत वाचून दाखव. सगळ्यांना. एक ओळ गाळायची नाही."

रुचा आणि तिच्या गटातली चौघं पॅसेजमध्ये सतरंजीवर बसून वाचू लागली. अडलं तिथे रुचा तिच्या वकील मावशीला फोन लावायची. तिसऱ्या शनिवारी एक कलम निघालं. बांधकाम होईपर्यंत रहिवाशांना मुंबईत कुठेही तात्पुरती जागा मिळेल, असं त्यात होतं. तोंडी मात्र बिल्डरच्या माणसानं सगळ्यांना सांगितलं होतं, लालबाग-परळातच.

बिल्डरचा माणूस आला तेव्हा अख्खा मजला बाहेर उभा होता. "मावशी, कॉलेजच्या पोरांच्या नादी लागू नका," तो म्हणाला. "त्यांना परीक्षा द्यायची असते, तुम्हाला घर हवंय."

"घर हवंय म्हणूनच वाचलं. 'कुठेही' काढा आणि लालबाग-परळ लिहा. तोवर या मजल्यावरून एक सही मिळणार नाही."

दोन मजल्यांनी त्यांना साथ दिली. तळमजल्यावरचे काही जण चिडले. आता काम रखडणार, बकुळेला पुढारीपण करायचं आहे, असं तोंडावर बोलले. बकुळाबाईंनी ते ऐकून घेतलं, माघार घेतली नाही. अडीच महिन्यांनी नवा मसुदा आला. कलम बदललेलं होतं. मुलांनी तोही पहिल्या पानापासून वाचला.

रुचानं कॉलेजाला स्वतःचे खरे तास कळवले, आधीचे बावीस आणि वाचनाचे अडतीस. कॉलेजानं मात्र वाचनाचे तास धरले नाहीत. ठरलेल्या उपक्रमांच्या यादीत करार वाचणं बसत नाही, असं लेखी उत्तर आलं. झाडलेले जिने बसत होते. रुचाचे गुण कमी झाले.

"चल, मी येते प्रिन्सिपलकडे," बकुळाबाई पदर खोचत म्हणाल्या.

"नको, आजी. हे माझं मी भांडते."

तिचा पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसरा तिनं थेट विद्यापीठाकडे पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान समोरच्या चाळीतल्या बायका त्यांच्या बिल्डरचं बाड घेऊन आल्या. आता दर शनिवारी रुचा तिकडे वाचते, आणि कुठे शब्द अवघड झाला की बकुळाबाई तिला थांबवतात, "सोप्या भाषेत सांग गो, मागच्यांना कळलं नाही."