खाणीच्या टेकडीवरचं रान

आज सकाळी फिरताना वाटेतल्या सागाखाली पाय आपोआप थांबले. थकलो म्हणून नव्हे, वासामुळे. दवानं भिजलेली गेल्या वर्षीची पानं तिथे कुजत पडली होती. काहींची तर नुसती शिरांची जाळी उरली होती. ओलसर, किंचित गोडसर, बुरशीचा तो वास. रानाचं वेड असणाऱ्यांना तो ठाऊक असेल. मला मात्र तो लग्नानंतर कळला. त्याआधी माझं नाक फक्त कोऱ्या कापडाची खळ ओळखायचं.

नागपूरच्या गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान. वडिलांनंतर गादीवर मी बसलो, आणि बायको मिळाली ती माती तपासणारी. साठीच्या दशकात सून नोकरी करते हेच नातेवाइकांना पचायला जड, त्यात ही नोकरी मातीची! धरमपेठेतल्या आमच्या घरी खिडकीत कागदांवर निरनिराळ्या मात्या वाळत पडलेल्या असत. आलेला पाहुणा त्यांना पापडाच्या पिठासारखं न्याहाळी. दुकानात एखादं जुनं गिऱ्हाईक हळूच विचारी, "सेठ, वहिनी काय करून राहिल्या आजकाल?" मी थान उलगडत सांगे, "माती तपासून राहिल्या." तो हसे, मीही हसे, पण माझ्या हसण्यात अभिमान असे, आणि तो मी फारसा लपवतही नसे.

सत्तरीचं दशक सरत आलं तेव्हा तिच्याकडे त्या टेकडीचं काम आलं. रामटेकच्या बाजूला मँगनीजची एक खाण बंद पडली होती. खाणीसाठी आधी रान तोडलं होतं, साग, तेंदू, मोह, धावडा, सगळं. मग जमीन पोखरून निघालेला दगडगोटा बाजूला ओतत नेला होता. त्या मलब्याचीच ती टेकडी. जांभळट काळी, उघडी, वैशाखात तव्यासारखी तापणारी. पाखरूसुद्धा तिच्यावर बसत नसे. तिथे पुन्हा झाडं उभी करायची, असं ते काम होतं. पहिल्या वर्षी खड्डे खणून रोपं लावली. पावसाळ्यात ती तगली आणि उन्हाळ्यात एकजात वाळली. पावसानं वेगळाच घात केला. टेकडीवरचा गाळ वाहत खाली उतरला आणि पायथ्याच्या धानाच्या बांध्यांत, बांध घातलेल्या भातखाचरांत, जाऊन बसला. त्यातली एक बांधी कसणारी बाई तरातरा वर चढून आली होती. त्या दिवशी मीही सोबत होतो.

"बाई, तुमी वर झाडं लावून राहिल्या, अन् खाली आमचं धान बुजून राहिलं," ती म्हणाली. "काहून करता असं? पोरायले काय हे गोटे खाऊ घालू?"

मला वाटलं, आता ही समजावू लागेल. पण माझी बायको एवढंच म्हणाली, "मला दाखवा." पदर खोचून ती तिच्या मागोमाग खाली उतरली आणि त्या बांधीत पोटऱ्यांपर्यंत रुतून उभी राहिली. बराच वेळ दोघी तिथेच बोलत होत्या.

तिच्या वरिष्ठांचं मत पडलं, की तिथे कुसळही उगवायचं नाही, काम आटोपा. हिनं आणखी एक पावसाळा मागून घेतला. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "कशाच्या भरवशावर?" ती म्हणाली, "अहो, रोपांचा दोष नाही. तिथे मातीच नाही, दगडाचा चुरा आहे. झाडं तुटली की सगळ्यांना दिसतं. झाडांखालचे किडे, बुरशी, मुळांना धरून राहणारे बारीक जीव मेले, ते कुणाला दिसत नाही." मग समोरच्या दह्याच्या वाटीकडे पाहत म्हणाली, "विरजण लावून बघते."

आणि खरोखरच तिनं टेकडीला विरजण लावलं. पलीकडच्या शाबूत रानातल्या जुन्या झाडांखालून मूठमूठ माती आणली. तलावाचा गाळ, शेणखत आणि ती मूठ, असं प्रत्येक खड्ड्यात घातलं. झाडांआधी उतारावर गवत पेरलं. बी वाहून जाऊ नये म्हणून काय अंथरावं हा पेच होता, तेव्हा माझं दुकान कामी आलं. कापडाच्या गाठींना शिवलेलं गोणपाट मी अख्ख्या बाजारातून गोळा केलं आणि एका ट्रकनं तिकडे धाडलं. गवत उगवलं आणि त्यात ढोरं सोडायला मनाई झाली, तशी गावात कुरबुर सुरू झाली, एवढं गवत असून ढोरं चारायची कुठे? त्या कुरबुरीला उत्तर दिलं त्या बांधीवाल्या बाईनं. सगळ्यांसमोर उभी राहून ती म्हणाली, "गवत कापून आणू ना गा! ढोरं वर सोडाल, तर तुमच्याच बांध्या बुजतील."

पोळ्याच्या सुमारास पाऊस असा कोसळला की नागपुरात आम्ही दोघं रात्रभर खिडकीशी बसून होतो. उघडीप होताच एस.टी. पकडून गेलो. बांधावर ती बाई उभी होती. आम्हाला पाहताच लांबूनच ओरडली, "या वं बाई, पाणी पाहा! पाणी पाहा आधी!" टेकडीवरून पाणी वाहत होतं, फिक्या चहाच्या रंगाचं, पण त्यात गाळ नव्हता. बांधीत धान हिरवंगार उभं होतं. 'बाई, तुमी' वरून ती 'या वं' या मैत्रिणीच्या हाकेवर आली होती, आणि माझ्या बायकोला मिळालेला त्याहून मोठा मान मला माहीत नाही.

पुढची वर्षं सरळ गेली असं नाही. काही उन्हाळ्यांनी रोपं नेली, एकदा वणवाही लागला. पण गवत फिरून फुटलं, मुंग्या आल्या, मग वाळवी. वाळवी दिसल्याचा आनंद झालेली माझ्या ओळखीतली ती एकटीच. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला एका हिवाळी सकाळी आम्ही वर गेलो, तेव्हा ती एका करंजाच्या सावलीत एकदम खाली बसली. तिथे चारोळीचं इवलंसं रोप होतं. "हे आम्ही लावलेलं नाही," ती म्हणाली. कुठल्याशा पाखरानं खाल्लेलं बी तिथे टाकलं होतं, आणि त्या जमिनीनं ते स्वीकारलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला मी हे सांगत सुटलो. गिऱ्हाइकं कापड विसरून ऐकत होती.

तोडलेलं जुनं रान परत आलं असं मी म्हणणार नाही. ते मोह, तो धावडा, त्यांना लागलेला काळ कुणाच्याच हाती नव्हता. चारोळीचं रोप दिसलं त्याच सकाळी तिनं खुरप्यानं गवताचा एक चौकोन उचलून मला खालची जमीन दाखवली. जांभळ्या चुऱ्यावर काळसर, भुसभुशीत थर, जेमतेम नखाएवढा. "एवढीच?" मी विचारलं. "एवढी झाली!" ती म्हणाली. माणसानं पोखरायला जेवढी वर्षं घेतली, त्याच्या कितीतरी पट वर्षं ही जमीन स्वतःला पुन्हा घडवण्यात घालवणार होती; आमच्या दोघांच्या आयुष्यांचा त्यात वाटा तो नखाएवढा. पण तो होता, आणि तिच्या हातचा होता. तिनं गवताचा चौकोन जिथल्या तिथे बसवला, तळव्यानं हलकेच दाबला.

"झाकून ठेवते," ती म्हणाली, "कोवळी आहे अजून."