अर्धा कप, बिनसाखरेचा

वजन कमी करायला मी सुरतेत पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. घराबाहेर ते फक्त धाकट्या बहिणीला माहीत होतं. बाकीच्यांना मी पित्ताशयातले खडे काढले असं सांगितलं. काही महिने चहा-कॉफी बंद होती. मग डॉक्टरांनी अर्धा कप बिनसाखरेच्या चहाची परवानगी दिली आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघी बहिणी म्हसावदला मावशीकडे साखरपुड्याला गेलो.

आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारत नाहीत, सरळ हातात देतात. त्या दिवशी ट्रे माझ्यासमोरून पुढे गेला. मला कोमट पाणी मिळालं.

"तुले चहा चालस नही ना, माय," मावशी सगळ्यांदेखत म्हणाली. "पोट धाकलं करी लिधं ना तू!"

बायका हसल्या. मी बहिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बशीत चहा ओतत होती.

"चालतो मला. अर्धा कप, बिनसाखरेचा," मी म्हणाले. आला तेव्हा तो बहिणीसमोर बसून सावकाश संपवला.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आक्का, मी एकल्या मावशीलेच सांगं व्हतं."

"मी बी एकलीलेच सांगं व्हतं," मी म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.