आधी नळ सोडायचा

पाकिटाचा चंदेरी कागद फोडून गोळी बाहेर येताना 'टक्' आवाज झाला की मला नाहूरच्या घरातली ती दुपार आठवते. औषधाच्या गोळ्यांच्या आहारी गेलेल्या एका शाळकरी मुलीवर मी कुमारांसाठी कादंबरी लिहीत होते. त्या वयाची भाषा जमलीय का बघायला मी पहिलं प्रकरण खालच्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीला वाचायला दिलं. कबड्डीत खांदा निखळल्यापासून ती घरीच असायची. पंख्याखाली कागद फडफडत होते, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि ती पोह्यांची बशी मांडीवर घेऊन वाचत होती. "काकू, हे चुकलंय ना," ती एकदम म्हणाली. "ही बाथरूममध्ये गोळी काढते, तर बाहेर आईला आवाज जाईल. ती आधी नळ सोडेल." मी खूश! टेबलाशी बसून असं थोडंच सुचतं? लगेच समासात लिहून घेतलं. माझी पेन्सिल थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी मान वर करून विचारलं, "अजून काही?" "नाही काकू," म्हणत तिनं बशी विसळून ठेवली आणि गेली. दिवाळीनंतर तिच्या आईकडून कळलं, खांद्यासाठी दिलेल्या गोळ्या सुटेनात म्हणून तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. आता पुस्तक छापून आलंय. त्या नळाच्या वाक्याचं सगळे कौतुक करतात, किती खरं वाटतं म्हणतात. ती समोर बसली होती, तेव्हा मलाही तेवढंच वाटलं होतं.