वाळल्यावरचा काळा

आप्पांच्या उत्तरकार्याला लावायचा फोटो मी कोळशासारखा काळा छापला. त्यांच्या घरी हार घालायला आलेल्या पाहुण्यांना पांढरी टोपी दिसली, दात दिसले. मधला माणूस अंदाजाने ओळखावा लागला. आणि बमरोलीतल्या आप्पांच्याच फोटो-स्टुडिओत मदतनीस म्हणून अर्धं आयुष्य काढलेला तो मी. दुकानातल्या झगझगीत ट्यूबलाइटखाली फोटो झकास दिसला होता हो...

आप्पा मूळचे आमच्या धुळ्याकडचे. इथे कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी घरांत कुणी गेलं, की कृष्णधवल फोटोसाठी माणसं त्यांच्याकडेच येत. डोळे पुसत आलेल्या माणसाला आप्पा आधी विचारायचे, "कोणत्या भिंतीवर लावणार?" मला तो भोचकपणा वाटे. पण खोली अंधारी असेल तर शाई कमी सोडायची, दारासमोरची उजेडाची भिंत असेल तर भरपूर, असा त्यांचा हिशेब. एकाच चेहऱ्याच्या कमीजास्त शाईच्या पट्ट्या काढून ते दोरीवर चिमट्यांनी टांगत आणि दोघांत अर्धा-अर्धा चहा मागवत. ओली पट्टी फसवते, वाळली की काळा आणखी गडद होतो, म्हणून तोवर कुणी बघायचं नाही. मी बघायचो. बघून वर निकालही द्यायचो. मग आप्पा वाळलेल्या पट्ट्या दारातल्या उजेडात धरून एक निवडत. ती माझी कधीच नसायची. "तुला दहावीत नापास करणारा मास्तर हुशार होता," एवढंच म्हणत.

आता त्या दोरीखाली एकट्याने चहा प्यायचं जिवावर येतं. सवयीने निकाल द्यायला तोंड उघडतो... आणि नापास करायला कुणी नसतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा पट्ट्या काढल्या. त्याआधी आप्पांच्या घरची भिंत पाहून आलो. मागची खोली, खिडकी नाही. फिकटातली एक पट्टी वाळली आणि आप्पांच्या पिकल्या मिशीतला केस न् केस सुटा दिसला... मला राहवेना. तेवढ्याच शाईत मोठा फोटो काढला आणि दोरीवर न टांगता, ओला तसाच उचलून आप्पांच्या बायकोकडे, काकूंकडे नेला. त्यांनी भिंतीला धरून पाहिला. आप्पा अगदी आप्पा दिसत होते. फक्त डाव्या गालावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. दुसरा काढून आणतो म्हणालो, तर काकूंनी तोच खिळ्याला अडकवला, पदराने डोळे टिपले आणि अहिराणीत सुनावलं, "मानूस गया, पन तुनी घाई काही गई नही."