कात्रीताईंनी दिलेला होकार

केस कापणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली कात्रीताई म्हणायची. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, यावर मात्र एकमत नव्हतं. नवरा बस चालवायचा आणि घरातही ब्रेकवर पाय ठेवूनच बसायचा.

एका दुपारी कात्रीताईंनी नणंदेच्या डोक्याला रंग थापला, वर प्लॅस्टिकची टोपी चढवली आणि बजावलं, "आता हलायचं नाही, वन्सं!" दुकानातल्या मासिकांचा वाचून वाचून चोथा झालेला, म्हणून नणंदेने टेबलावरचं क्रेडिट कार्डाचं बिल उचललं.

"वहिनी, हा कार्ड सुरक्षा विमा कसला गं? पैसे कापलेत त्याचे."

"विमा? मी कधी घेतला?" कात्रीताईंनी मागची बिलं उपसली. दर महिन्याला, न चुकता, तोच विमा! त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "बँकेशी कोण डोकं लावणार?"

"मी!" म्हणत त्या एप्रनसकट निघाल्या. बँक कोपऱ्यावरच होती. नणंद थोडीच मागे राहतेय! टोपी सावरत तीही निघाली.

बिलाकडे बघावं की टोपीकडे, हेच बँकेतल्या साहेबाला कळेना. "मॅडम, तुम्ही फोनवर संमती दिलीये," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग आहे."

"मग लावा की! दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊ दे."

त्याने लावलं. आधी ड्रायरची घरघर. त्यातून एका मुलीचा गोड आवाज आला, "मॅडम, विमा सुरू करू का?"

"हो, हो!" कात्रीताईंचा आवाज अख्ख्या शाखेत घुमला. "आधी मान खाली घाल, कानामागचं राहिलंय!"

"म्हणजे नक्की ना, मॅडम?"

"नक्की! सासूसुद्धा ओळखणार नाही तुला!"

रोखपाल फिसकन हसला. रांगेतल्या आजोबांना हसता हसता ठसका लागला. साहेबाने ओठ चावून पाहिले, पण जमलं नाही. "याला काही संमती म्हणता येणार नाही," असं म्हणत, डोळे पुसत त्याने विमा बंद केला आणि कापलेले पैसे परत मिळण्याचा अर्ज स्वतःच भरला. कात्रीताईंनी झोकात सही ठोकली.

"वहिनी, डोकं चुरचुरतंय!" नणंद ओरडली.

दोघी हसत, धडपडत दुकानात पळाल्या. केस धुतले, तर तपकिरीऐवजी भडक तांबडा रंग निघाला. नणंद आधी किंचाळली, मग आरशात वळून वळून बघायला लागली. "राहू दे गं," ती म्हणाली. "शोभतोय मला."

आठवड्याभरात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. गिऱ्हाइकाला अर्धवट कापलेल्या केसांनिशी खुर्चीत सोडून कात्रीताईंनी भर दुकानात गिरकी घेतली. संध्याकाळी घरी सगळा प्रसंग पुन्हा अभिनयासकट सादर झाला. मुलीचा गोड आवाजही त्यांनीच काढला. नवरा हसून हसून पलंगावर आडवा झाला. मग उठून त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि हळूच म्हणाला, "अगं, माझ्या खात्यातूनही कसलंतरी शुल्क कापतायत. उद्या... येतेस का जरा माझ्याबरोबर?"