झिपऱ्या आणि बिननावाचा बैल

झिपऱ्याचे केस बांधायला दोन माणसं लागत. माझ्या बैलाला वेसण घालायला मी एकटा पुरतो. तरी सेटवर छत्री त्याच्या डोक्यावर असायची आणि बैल उन्हात.

मूळचा तो पुण्याचा रॉक गायक. गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर किंचाळायचा, आणि कॉलेजची पोरं त्याच्यापेक्षा मोठ्यानं किंचाळायची. अशा माणसाला कुणा शहाण्याने सिनेमात बैलांचा व्यापारी केला आणि हर्सूलच्या पुढच्या माळावर खोटा बैलबाजार उभा केला. बैल तेवढे खरे होते, माझे. खरा व्यापारीही तिथेच उभा होता, पण माझे केस कमी पडले. म्हणून मला त्याचा गुरू नेमलं.

बाजारात मला ‘दगड’ म्हणतात. हे नाव मी कमावलंय. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्याची जनावरं हाकत सुरुवात केली आणि आज पुंडलिकनगरात माझं स्वतःचं घर आहे. ते घर या नावावर उभं आहे. ज्याचं काळीज पाघळत नाही त्याच्याशी गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही. झिपऱ्याने माझ्या त्या नावाचं काय केलं ते आता ऐका.

पहिल्याच दिवशी माझ्या एका बैलाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “अण्णा, याचं नाव काय?”

“बैल.”

“नाही, म्हणजे हाक काय मारता?”

“हाक कशाला? तो काय चहाला येणाराय का? धंद्यातल्या जनावराला नाव ठिवायचं नाय. नाव ठिवलं की भाव पडतो.”

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की दिवसभर तो ते गुणगुणत फिरला. दुपारपर्यंत त्याला चालही लागली होती. मी म्हटलं, अरे बाबा, हा धंद्याचा मंत्र आहे, आरती नाही.

आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटांनी भाव बोलायचा. चेहऱ्यावर रेघ हलता कामा नये. झिपऱ्याचा सगळा धंदा चेहऱ्यावर रेघा उमटवण्याचा. मी बोट दाबलं की त्याच्या भुवया वर जायच्या. सरावात त्याने लंगडा बैल मी सांगितलेल्या पहिल्याच भावाला घेतला, आणि वर मला “थँक्यू अण्णा” म्हणाला. असं गिऱ्हाईक देवाने रोज एक पाठवावं.

पण एक सांगतो. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं दगडासारखी टणक होती. नांगर धरणाऱ्याला तळव्याला घट्टे पडतात, याला तारा दाबून टोकांना पडले होते. एकदा रुमालाखाली त्याने चुकून डावा हात घातला आणि ते मला लागले, तेव्हापासून मी त्याला शिव्या जरा बेतानं दिल्या.

“फील नाही आला,” हे त्याचं आवडतं वाक्य. शॉट झाला, लोक टाळ्या वाजवायचे, आणि हा खाली बसून म्हणायचा, “फील नाही आला.” डायरेक्टर वैतागून ओरडायचा, “दोन माणसं रुमाल धरून उभी आहेत, यात दिसणार काय?” झिपऱ्या म्हणायचा, “दिसायलाच नको. अण्णांचं कुठं काही दिसतं?” मी खूश झालो. माझ्यावर पाळत आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं.

शूटिंग संपत आलं तेव्हा सोयगावचा एक शेतकरी तोच बिननावाचा बैल बघायला थेट माळावरच आला. सौदा ठरला. आमच्यात विकणारा आपलं दावं काढून घेतो आणि गिऱ्हाईक स्वतःचं बांधतं. दावं सोडायला मी गिऱ्हाइकाकडे पाठ करून बैलाजवळ गेलो. गाठ घट्ट होती, वेळ लागला. बस, इतकंच. झिपऱ्या पलीकडे कडब्याच्या ढिगावर बसून माझ्या बायकोने पाठवलेली भाकरी खात होता. डब्यात त्याचा वाटा ती स्वतःहून घालायची. मला तिने कधी विचारलं नाही.

जाताना तो माझ्या पाया पडला. केस सगळे धुळीत. “अण्णा, तुम्ही मला सगळं शिकवलंत.” मी म्हटलं, “केस काप आता.”

सिनेमा लागला. बायकोला घेऊन गेलो. पडद्यावर माझं चालणं, माझं थुंकणं, माझ्या शिव्या. बायको पदराआड हसत होती. मग बैल विकला गेला आणि झिपऱ्या दावं सोडायला वळला. गाठ सुटली तरी तो हलेना. बैलाच्या कानामागे खाजवत राहिला, कानाशी वाकला आणि त्याचे ओठ हलले. आवाज नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं. “हे बी तुम्हीच शिकवलं का?”

“नाय,” मी म्हटलं. खरंच नव्हतं शिकवलं.

आता बाजारात जातो तेव्हा गिऱ्हाईक रुमालाखाली माझी बोटं दाबून हसतं. “अण्णा, भावात खाली या जरा. बैल ओळखीच्या घरी चाललाय. आठवण आली की भेटायला या, चहा पाजू.” परवा तर तो सोयगावचा शेतकरी दुसरा बैल घ्यायला आला. सौदा झाल्यावर चार लोकांना ओरडून म्हणाला, “पाठ करा रे सगळे! अण्णाला दावं सोडायचंय!” आणि ते सगळे खरोखर तोंड फिरवून उभे राहिले. दगडाची ही इज्जत.

मी तिथूनच झिपऱ्याला फोन लावला आणि मनसोक्त झापलं. तो ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाला, “अण्णा, तुम्ही त्याच्या कानात काय म्हणालात ते मला लांबून ऐकू आलं नव्हतं. म्हणून नुसते ओठ हलवले. काय म्हणाला होतात?”

मी फोन कापला.

नाव होतं त्याचं. पण तुम्हालाही सांगणार नाही. तुमच्यातलं कोण उद्या बैल घ्यायला येईल, काय भरवसा?