खिडकीवरचा तलाव

वहिनीचा राग नाकात राहायचा. कुणी वेडंवाकडं बोललं की आधी नाकपुड्या फुगायच्या, मग बाह्या वर सरकायच्या, आणि मग जे शब्द बाहेर पडायचे ते कढईतल्या तेलापेक्षा लांब उडायचे. तलावाकाठच्या त्या हॉटेलात तिला सगळेच वहिनी म्हणायचे. खरी ती मालकाची वहिनी. पण मालकाचं ऐकून वाढपी म्हणायला लागला, भाजीवाला म्हणायला लागला, गिऱ्हाईकं म्हणायला लागली. एकदा तर तिचा नवराच गडबडीत म्हणाला, "वहिनी, मीठ संपलंय." त्या दिवशी नवऱ्याला जेवण अंमळ उशिरा मिळालं.

हॉटेल दोघा भावांचं. धाकटा बोलायचा, म्हणून तो मालक. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, गल्ल्यावर बसायचा आणि कुठलंही भांडण पेटलं की "मी काय म्हणतो," एवढं म्हणायचा. पुढे तो काय म्हणतो हे आजवर कुणाला कळलेलं नाही. वाढपी एकच, काटकुळा, चार माणसांचं काम करणारा. इकडचं बोलणं तिकडे पोचवण्यात पटाईत, म्हणून त्याचं नाव तार.

स्वयंपाकघराला एक खिडकी होती. शेगडीच्या बरोबर वर, पाण्याकडे उघडणारी. बाहेर लाकडी फळ्यांचा ओटा, ओट्यावर टेबलं, टेबलांपलीकडे तलाव. लोक लांबून यायचे ते या तलावासाठी. वहिनी तलावाकडे ढुंकूनही बघायची नाही. ती बघायची ताटं. पहिला घास घेतल्यावर माणूस बोलायचा थांबला, की तिच्या मनासारखं झालं. बोलतच राहिला, की पळी आपटायची.

"तो बघ, कोपऱ्यातला. जेवतोय की भाषण देतोय? तार, त्याला लिंबाची फोड दे आणि विचार, मीठ कमी आहे का."

मीठ कमीच असायचं. पुढचं ताट नीट जायचं. कुणाचं पोर तिखटाने लाल झालं की ती खिडकीतूनच ओरडायची, "अहो ताई, त्याला रागावू नका, मी दुसरं देते." तिची सगळी विद्या ही अशी, बघून बघून आलेली. कढई इथे, डोळे तिथे.

दर रविवारी दुपारी शेवटच्या टेबलावर एक म्हातारे घड्याळजी येऊन बसायचे. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आता मुलाकडे. हे खिशात स्वतःचं लिंबू घेऊन यायचे. "हॉटेलातली लिंबं म्हणजे नुसती साल," असं हॉटेलातच बसून मोठ्याने सांगायचे. एका बाजूचे दात गेलेले. ते ओट्याच्या पायऱ्यांवर दिसले की वहिनी त्यांच्यासाठी मासा वेगळा काढायची, मऊ शिजवायची, बोटांनी चाचपून काटे काढायची. हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. जेवण झालं की ते खिडकीकडे बघून नुसती मान हलवायचे. वहिनी पाठ फिरवायची. तिचा आठवडा त्या मानेवर निघायचा.

मालकाला सकाळी फोनवरचे अभिप्राय वाचून दाखवायची खोड होती. सगळ्यांना उभं करून, बातम्या देतात त्या सुरात.

"'परिसर रम्य. पाच तारे.' ऐकताय ना, दादा? 'पाण्यावरचा वारा अप्रतिम. पाच तारे.' आणि हे बघा. 'जेवण चांगलं, परंतु खिडकीतून एक बाई सतत आमच्या ताटात बघत असते. तीन तारे.'"

"एक बाई," वहिनी म्हणाली. नाकपुड्या हलल्या.

"तसं नाही हो, वहिनी. त्यांचं म्हणणं, जरा अवघडल्यासारखं होतं."

"ताटात बघू नको तर काय त्यांच्या तोंडात बघू? शिजवते मी, भाऊजी. ज्याला शिजवते त्याला बघायला नको?"

"हल्ली कुठेही आचारी दिसत नसतो, वहिनी. दिसला की किंमत उतरते."

"मी काय म्हणतो," नवरा म्हणाला. मग त्याने गल्ल्याचा खण उघडला आणि बंद केला.

त्याच आठवड्यात सुतार आला. खिडकीचं दार काढलं, चौकटीवर आडवे-उभे पट्टे मारले आणि वर प्लायवूड ठोकलं. आत एक पंखा बसला, असा घरघरायचा की शेजारी उभं राहून शिवी दिली तरी ऐकू जाऊ नये. बाहेरून प्लायवूड उघडं दिसायला नको म्हणून मालकाने त्यावर मोठं चित्र चिकटवलं. चित्रात तलाव. तलावात होडी. मागे मावळता सूर्य, अंड्याच्या बलकासारखा.

वहिनी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून चित्राकडे बघत राहिली. मागे खरा तलाव चमकत होता.

"भाऊजी, हे काय आहे?"

"देखावा."

"देखावा मागे आहे."

"मागच्या देखाव्याबरोबर फोटो काढला की तोंड काळं येतं, वहिनी. उजेड मागून असतो. इथे छान येतं."

आणि मेलं, खरंच तसं झालं. माणसं तलावाकडे पाठ करून बसायला लागली आणि तलावाच्या चित्राबरोबर फोटो काढायला लागली. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. खिडकी परत हवी, एवढं एकच ती मागत होती. "सीझन संपला की बघू," मालक म्हणायचा. तलावाला कसला सीझन.

आता ती आंधळेपणाने शिजवायची. मालकाने नवा नियम काढला होता: तारने नुसता टेबलाचा नंबर सांगायचा. माणसाचं वर्णन सांगत बसायचं नाही, वेळ जातो. तार दारातून ओरडायचा, "चार नंबर, मासा एक." पंख्याच्या घरघरीत वहिनीला ऐकू यायचं, "...आसा एक." कोण चार नंबर? बाई की बुवा, दमलेला की भांडून आलेला? काही पत्ता नाही. धूर वर जायचा, पंख्याला भेटायचा आणि परत तिच्याच डोळ्यांत यायचा. पहिलं ताट बिघडलं तर दुसरंही तसंच जायचं, कारण पहिल्याचं काय झालं हे सांगणारं कुणी नव्हतं.

सकाळच्या बातम्या बदलल्या. "'मासा अप्रतिम.' 'मासा करपलेला.' 'मासा आतून कच्चा.' वहिनी, हे तिन्ही कालचेच आहेत."

"मग?"

"मग मी विचारतोय, तुमचं लक्ष कुठे असतं?"

"प्लायवूडवर," वहिनी म्हणाली.

एका रविवारी संध्याकाळी भांडी घासायला आली तेव्हा तिला एक झाकलेलं ताट दिसलं. मासा जेमतेम उकरलेला. कडेला पिळलेली लिंबाची साल, हॉटेलातल्या लिंबांपेक्षा मोठी आणि रसरशीत. तिने ती साल उचलून हातात धरली.

"तार. घड्याळवाले आजोबा आले होते?"

तार जमिनीकडे बघायला लागला. "आले होते."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं ना. 'अकरा नंबर' म्हणून."

"जेवले?"

"दोन घास खाल्ले. मग दाढेत काटा अडकला बहुतेक. बराच वेळ बोटाने काढत होते. मग ताटावर ताट झाकलं आणि गेले."

"काही म्हणाले?"

"नाही. त्या चित्राकडे बघून मान हलवली. सवयीने असेल."

वहिनी त्या दिवशी ओरडली नाही. नाकपुड्याही फुगल्या नाहीत. तारने घरी जाऊन बायकोला सांगितलं, मला फार भीती वाटली.

पुढचा रविवार. ओटा भरलेला, बाहेर माणसं ताटकळत उभी. तार दारात आला. "दोन नंबर मासा तीन, सात नंबर मासा दोन, अकरा नंबर..." तो थांबला, मागे वळून पाहिलं आणि नियम मोडला. "अकरा नंबर म्हणजे आजोबा."

वहिनीने शेगडी बंद केली. पंखाही बंद केला. हात धुतले, कोरडे केले, बाहेर आली आणि सरळ शेवटच्या टेबलापाशी जाऊन आजोबांसमोरची खुर्ची ओढली.

"बसू का?"

"बस की. तुझंच हॉटेल." आजोबांनी लिंबू बाजूला सरकवून जागा केली. "आज मासा नाही वाटतं?"

"आहे. पण आज मी गिऱ्हाईक आहे. तार, दोन मासे. एक मऊ, बिनकाट्याचा."

तारने मालकाकडे पाहिलं. मालक टेबलांमधून वाट काढत, सगळ्यांकडे बघून हसत हसत तिच्यापर्यंत आला आणि दातांतून बोलला.

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू दे की. अवघडल्यासारखं होतंय का?"

"उठा. घरचं भांडण घरी करू."

"खिडकी उघडा, उठते."

"एका खिडकीसाठी धंदा बुडवणार?"

"एका चित्रासाठी तुम्ही बुडवलाय, भाऊजी. मी नुसती बसलेय."

"ठीक आहे. मासाच तळायचा आहे ना? त्यात काय मोठं शास्त्र आहे?" मालकाने बाह्या वर केल्या आणि तरातरा आत गेला.

"मी काय म्हणतो," गल्ल्यावरून नवरा म्हणाला. वहिनीने वळून पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. "तो पंखा लावायला विसरणार."

लग्नानंतर पहिल्यांदा त्याने हे वाक्य पूर्ण केलं होतं. वहिनी बघतच राहिली.

आणि तो विसरलाच. आधी आतून चर्र आवाज आला, मग भांडं पडलं, मग खोकला. दाराच्या फटीतून निळसर धूर ओट्यावर यायला लागला. पंखा सुरू झाला, घरघरला आणि धूर होता तिथेच राहिला. "तार, सात नंबरवर कोण आहे? मुलं आहेत का? तिखट घालू की नको?" मालक आतून ओरडत होता. तारने नियम पाळला. "सात नंबर, मासा दोन," तो म्हणाला.

"अरे पण कोण आहे?"

"सात नंबर."

खोकला वाढला. मग प्लायवूडवर धाडकन काहीतरी आपटलं. चित्रातली होडी हलली. फोटोसाठी उभी राहिलेली एक बाई किंचाळून बाजूला झाली. पुन्हा धाड. बरोबर सूर्याच्या जागी फट पडली आणि तीतून धूर बाहेर आला. मालक आतून खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकत होता. तिसऱ्या घावाला सूर्य फुटून ओट्यावर पडला आणि त्या भोकात मालकाचं तोंड आलं, लाल, घामाने निथळणारं, डोळ्यांतून पाणी गळणारं. त्याने तोंड उघडून तलावावरची हवा आत ओढली. मग त्याला समोरची सगळी टेबलं दिसली. टेबलांवरून सगळी माणसं त्याच्याकडेच बघत होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

वहिनी उठून खिडकीपाशी गेली आणि वाकून भोकातून आत पाहिलं. शेगडीपासून किती दिसेल याचा अंदाज घेतला. तिथून जेमतेम दोन टेबलं दिसली असती. शेवटचं त्यात नव्हतं.

"अजून," ती म्हणाली.

"वहिनी, अहो, सुताराला बोलावतो उद्या."

"बत्ता तुमच्या हातात आहे, भाऊजी. अजून."

ती परत येऊन खुर्चीवर बसली. धाड. होडी गेली. आजोबांनी खिशातून चाकू काढला आणि लिंबाचे सावकाश दोन भाग केले. एक तिच्यापुढे ठेवला.